सात सेकंदांची तोफ: झिरो, सदरलँडचं वाइल्डकॅट आणि खेळातली ऐतिहासिक अचूकता

हवाई लढाईच्या खेळांत जपानी विमानं घेऊन उडणाऱ्यांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो. दुसऱ्या महायुद्धातलं जपानी नौदलाचं लढाऊ विमान म्हणजे झिरो. त्याची २० मिलिमीटरची तोफ खेळात गरजेपेक्षा जहाल दाखवली आहे की मवाळ? एका गटाचं म्हणणं, दोन गोळ्यांत अमेरिकन विमानाचा पंख गळून पडतो, असं कधी घडलं होतं का? दुसरा गट सांगतो, डझनभर गोळे पोचवले तरी समोरचा निवांत घरी जातो. गंमत म्हणजे दोन्ही गट पुरावा म्हणून आकड्यांचा एकच तक्ता पुढे करतात: गोळ्याचं वजन, नळीतून निघतानाचा वेग, मिनिटाला किती गोळे.

माझं मत असं की तक्त्यातले आकडे बहुतेक वेळा बरोबरच असतात, तरीही तोफ चुकते. ती गोळ्यात चुकत नाही, गोळ्याच्या आजूबाजूला जे काही होतं ते खेळात नसतं म्हणून चुकते. हे तपासायला मी एकच झुंज घेतली आहे. या झुंजीबद्दल दोन्ही कॉकपिटमधल्या माणसांनी स्वतः सांगून ठेवलेलं आहे, आणि असं फार कमी झुंजींबाबत घडतं.

७ ऑगस्ट १९४२, ग्वाडलकॅनाल

त्या दिवशी अमेरिकन सैन्य प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटावर उतरलं. राबौलच्या जपानी तळावरून तैनान हवाई पथकाची झिरो विमानं बॉम्बफेकी विमानांना सोबत करत निघाली. एका बाजूचंच अंतर सुमारे हजार किलोमीटर. त्यांत साबुरो साकाई होता, जपानी नौदलाच्या सर्वांत नावाजलेल्या वैमानिकांपैकी एक. समोर साराटोगा या विमानवाहू नौकेवरून आलेला जेम्स सदरलँड, अमेरिकन नौदलाच्या ग्रमन वाइल्डकॅट या लढाऊ विमानात. सदरलँडने आधी जपानी बॉम्बफेकी विमानांवर हल्ला चढवला होता. झिरोंशी गाठ पडली तेव्हा त्याच्या बंदुका चालेनात. म्हणजे पुढचा सगळा वेळ तो फक्त टिकून राहण्यासाठी उडत होता.

साकाईच्या सांगण्यानुसार त्याने आधी ७.७ मिलिमीटरच्या मशीनगनच वापरल्या. शेकडो गोळ्या वाइल्डकॅटच्या अंगात शिरताना त्याला दिसत होत्या, पण विमान पडत नव्हतं. त्याला याचं नवल वाटलं, कारण एवढा मारा झिरोला सोसलाच नसता. तो वाइल्डकॅटच्या इतका जवळ गेला की जखमी वैमानिक त्याला स्पष्ट दिसला. शेवटी त्याने २० मिलिमीटरची तोफ लावली, वैमानिकाऐवजी विमानावर नेम धरला आणि सदरलँडला पॅराशूट घेऊन उडी मारावी लागली.

सदरलँड बचावला. बेटावरच्या लोकांनी त्याला मदत केली, तो आपल्या माणसांत परतला आणि त्याने काय घडलं ते लिहून दिलं. त्याच्या नोंदीतला विमानाच्या अवस्थेचा भाग प्रत्येक खेळ बनवणाऱ्याने वाचावा असा आहे. विमानाचा मागचा भाग चाळण झाला होता. पुढची काच छिद्रांनी भरली होती, मागे बघायचा आरसा फुटला होता, कपाळावर चढवलेला गॉगल तडकला होता. उपकरणांची पाटी आणि रेडिओ निकामी. तेलाची टाकी फुटून तेल उजव्या पायावर ओघळत होतं. इंधनाच्या टाकीला बरीच भोकं पडलेली, पण ती टाकी आपोआप बुजणारी होती. त्यामुळे सततची गळती नव्हती, थोडं पेट्रोल तेवढं कॉकपिटच्या तळाशी आलेलं. डाव्या पंखातल्या गोळ्यांच्या पेट्यांची झाकणं उडाली होती आणि २० मिलिमीटरच्या स्फोटक गोळ्यांनी पंखाचा वरचा पत्रा मोठाले भगदाड पडेस्तोवर फाडला होता. एवढं होऊनही इंजिन चालू होतं आणि विमान हुकमात होतं.

मग डाव्या पंखाच्या मुळाशी शेवटचा मारा बसला आणि स्फोट झाला. सदरलँडच्या अंदाजाने तो साचलेल्या पेट्रोलच्या वाफेचा होता.

दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या की एक विसंगती दिसते. साकाई म्हणतो, तोफ शेवटी लावली. सदरलँड म्हणतो, पंखाला आधीच तोफेची भगदाडं होती. याचा उलगडा फार अवघड नाही. साकाई पोचण्याआधी इतर झिरो त्या वाइल्डकॅटशी झुंजतच होते. पण त्यातून निघणारी गोष्ट मोलाची आहे: तोफेचे गोळे एकदा पंखात लागले तेव्हा विमान उडत राहिलं, दुसऱ्यांदा पंखाच्या मुळाशी लागले तेव्हा संपलं. तोफ तीच, गोळा तोच, विमानही तेच.

ही तोफ होती तरी कशी

साकाईच्या झिरोत, म्हणजे मॉडेल २१ या आवृत्तीत, दोन्ही पंखांत एकेक टाइप ९९ मार्क १ तोफ असे. मूळ रचना स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीची, जपानने परवाना घेऊन बनवलेली. गोळा साधारण १२८ ग्रॅमचा, नळीतून निघतानाचा वेग सेकंदाला ६०० मीटर, मिनिटाला सुमारे ५०० गोळे. नाकावर दोन ७.७ मिलिमीटरच्या मशीनगन, प्रत्येकीला ५०० गोळ्या. त्यांच्या गोळीचा वेग सेकंदाला ७५० मीटरच्या आसपास.

तोफ हलकी होती, साधारण २३ किलोची. त्याच काळातली इस्पानो तोफ याच्या दुपटीच्या आसपास जात असे. हा हलकेपणा एका युक्तीतून आला होता. ओर्लिकॉनच्या रचनेत बोल्टला, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून तोंड बंद करणाऱ्या तुकड्याला, कुलूप नसतं. जड बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावतो आणि तो पुढे सरकत असतानाच काडतूस पेटतं. स्फोटाचा धक्का आधी बोल्टची पुढची धाव थांबवण्यात खर्च होतो, मग त्याला मागे ढकलतो. जोरात आत ढकललेल्या दाराला त्याच क्षणी पलीकडून कुणी रेटा द्यावा, तसं. कुलूप नाही म्हणून भाग कमी, वजन कमी. किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. काडतुसात दारू फार भरता येत नाही, म्हणून वेग कमी. आणि गोळा नेमका कधी सुटेल हे विमानाच्या नाकावर फिरणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पात्यांशी जुळवता येत नाही, म्हणून ही तोफ नाकावर बसवून पंख्यामधून मारता येत नाही. ती पंखातच जाते.

खेळातल्या वादाचं मूळ बरंचसं इथेच आहे. एकाच विमानावर दोन वेगळ्या वेगांची हत्यारं, एक नाकावर, दुसरं पंखात.

थोडा हिशेब करू. हवेचा विरोध सोडून दिला तरी ३०० मीटरवर पोचायला तोफेच्या गोळ्याला ०.५ सेकंद लागतो, मशीनगनच्या गोळीला ०.४. तेवढ्या वेळात तोफेचा गोळा साधारण १.२ मीटर खाली येतो, गोळी ०.८ मीटर. हा फरक अजून सांभाळता येईल. पण समोरचं विमान आडवं जात असेल, ताशी ३६० किलोमीटर वेगाने, तर ०.४ सेकंदात ते ४० मीटर सरकतं आणि ०.५ सेकंदात ५०. वाइल्डकॅटची लांबी ८.८ मीटर. म्हणजे वळणाऱ्या शत्रूवर मशीनगनचा नेम अगदी अचूक धरला, तर त्याच क्षणी सुटलेले तोफेचे गोळे पूर्ण विमानभर मागे पडणार. मशीनगनच्या चमकत्या गोळ्या लागताना पाहून तोफ सोडणं हा त्या काळचा सरधोपट उपाय होता, आणि ३०० मीटरवर वळणाऱ्या विमानासमोर तो उपायच फसवत होता. हवेचा विरोध धरला की आकडे आणखी बिघडतात.

१०० मीटरवर हाच फरक साडेतीन मीटरच्या आत येतो. नेम वाइल्डकॅटच्या नाकावर असेल तर तोफेचे गोळे निदान पंखाच्या मुळापाशी पोचतात. साकाईसारखा माणूस इतका चिकटून का मारत होता, ते या एका आकड्यात आहे.

शिवाय गोळे किती? प्रत्येक तोफेच्या ड्रममध्ये ६०. मिनिटाला ५०० या गतीने सात सेकंदांच्या थोडं वर. मशीनगनला मात्र अर्ध्या मिनिटाचा मारा. राबौलहून साडेतीन-चार तास उडत यायचं, सात सेकंदांची तोफ घेऊन, आणि मग तितकंच अंतर परत जायचं. साकाईने आधी मशीनगन वापरल्या हे या हिशेबात अगदी समजण्यासारखं आहे.

खेळात काय होतं

आता हेच सगळे आकडे खेळात तंतोतंत घाला. १२८ ग्रॅम, ६०० मीटर, ६० गोळे. तरीही तोफ वेगळीच वागते, कारण खेळणाऱ्याला तीन मदती मिळालेल्या असतात.

पहिली मदत नेमाची. बऱ्याच खेळांच्या सोप्या पद्धतीत समोरच्या विमानापुढे एक खूण दिसते: इथे मारा, गोळे तिथे पोचतील. वॉर थंडरच्या आर्केड पद्धतीत ती असते. ही खूण गोळ्याचा उडण्याचा वेळ स्वतः मोजते. संथ गोळ्याचा सर्वांत मोठा तोटा हाच होता की वैमानिकाला तो अंदाज डोळ्याने, अर्ध्या सेकंदात, पोटावर चार पट वजन पडत असताना करावा लागे. खूण आली की हा तोटा पुसला जातो आणि जड गोळ्याचा फायदा तेवढा उरतो. ज्या तोफेला वेगाची सवलत मिळत नव्हती तिलाच या खुणेतून सर्वांत जास्त सवलत मिळते. अमेरिकन १२.७ मिलिमीटरच्या ब्राउनिंग मशीनगनच्या गोळीचा वेग सेकंदाला ८७० मीटरच्या घरात. तिला या खुणेची गरज मुळातच कमी, म्हणून तिचा फायदाही कमी. आकडे न बदलता तोल जपानी तोफेकडे झुकला.

दुसरी मदत गोळ्यांची. त्याच आर्केड पद्धतीत उडता उडता गोळे पुन्हा भरले जातात. आयएल-२ मालिकेतल्या जुन्या खेळात अमर्याद गोळ्यांचा पर्याय सेटिंगमध्येच होता. सात सेकंदांची मर्यादा गेली की झिरोचा वैमानिक पहिल्याच वळणावर, ४०० मीटरवरून, तोफ मोकळी सोडतो. साकाई असं करता तर घरी परतायच्या आधीच निःशस्त्र झाला असता.

तिसरी मदत सरावाची. खेळणारा शंभरदा मरतो आणि शंभरदा शिकतो. १९४२ मधल्या कुठल्याही वैमानिकाला इतकी संधी मिळाली नाही. हे दुरुस्त करता येत नाही, करूही नये. पण झिरोच्या तोफेची खेळातली कामगिरी मोजून तिला ‘ऐतिहासिक नाही’ म्हणणाऱ्याने ही गोष्ट हिशेबात धरायलाच हवी.

मग उरतो नुकसानीचा प्रश्न, आणि इथे खेळाचीही चूक असते. साध्या खेळांत विमानाला किंवा त्याच्या पंखाला ठरावीक ‘जीव’ दिलेला असतो, प्रत्येक गोळा त्यातून काही वजा करतो. या पद्धतीत सदरलँडची नोंद बसवून पाहा. पंखाला तोफेची भगदाडं पडली म्हणजे बराचसा जीव गेला. धड चाळण झालं म्हणजे उरलेलाही गेला. विमान कधीच पडायला हवं होतं. ते पडू नये म्हणून गोळ्याचा जोर कमी केला, तर शेवटचा मारा बसल्यावर स्फोट होत नाही. कुठलाही एक आकडा निवडला तरी दोनांपैकी एक साक्ष खोटी ठरते.

ती झुंज खरी उतरवायची तर टाकी, तिची बुजण्याची क्षमता, तळाशी साचलेलं पेट्रोल, त्याची वाफ आणि त्या वाफेपर्यंत पोचणारी ठिणगी हे सगळं वेगवेगळं मोजावं लागतं. आधीच्या शेकडो गोळ्यांनी विमान पाडलं नाही, पण टाकीला भोकं पाडून शेवटच्या गोळ्याचं काम सोपं केलं. खेळाच्या गुणफलकावर ते सगळे नुसते ‘लागले’ म्हणून दिसतील. नीट रचलेल्या खेळात त्यांचा परिणाम मिनिटभराने दिसायला हवा.

लक्ष्य बदललं की हीच तोफ वेगळी दिसते. १३ सप्टेंबर १९४० रोजी चोंगछिंगच्या आकाशात १३ झिरोंनी चिनी पथकांच्या जुन्या धाटणीच्या सोव्हिएत विमानांची दाणादाण उडवली आणि एकही झिरो पडला नाही. तिथे कुणी तोफ मवाळ आहे म्हणाल्याचं ऐकिवात नाही. दोन वर्षांनी समोर चिलखत आणि बुजणाऱ्या टाक्या आल्या. जड बॉम्बफेकी विमानांपुढे तर प्रश्न आणखी बिकट झाला, कारण तिथे जवळ जाणं म्हणजे स्वतः गोळ्या खाणं.

‘२० मिलिमीटर’ म्हणजे नेमकी कुठली?

वादात हा प्रश्न क्वचित विचारला जातो. साकाईच्या तोफेवरून सगळ्या जपानी तोफांना एका मापाने मोजणं ही सर्रास होणारी चूक आहे.

नौदलाने याच तोफेची पुढची आवृत्ती, मार्क २, आणली. काडतूस लांब, वेग सेकंदाला ७५० मीटरच्या आसपास, म्हणजे मशीनगनशी जुळणारा. वर मांडलेला विमानभर मागे पडण्याचा प्रश्न इथे बहुतांशी मिटतो. ड्रम आधी १०० गोळ्यांचा झाला, मग झिरोच्या नंतरच्या आवृत्तीत १२५ गोळ्यांचा पट्टा आला. १९४४ च्या झिरोवर १९४२ ची तक्रार चालवणं म्हणूनच अन्यायाचं. रायडेन विमानाच्या एका मुख्य आवृत्तीत तर दोन तोफा मार्क १ आणि दोन मार्क २ अशी सरमिसळ होती. चार तोफा एकाच वेळी सुटायच्या, दोन वेगवेगळ्या वाटांनी. ज्या खेळात या चारही तोफांचे गोळे एकाच ठिकाणी पोचतात, तिथे काम अर्धवट झालेलं आहे हे छातीठोकपणे सांगता येतं.

जपानी सैन्यदलाचा, म्हणजे भूदलाच्या विमानांचा, मार्गच निराळा. सैन्यदल आणि नौदल यांची काडतुसंदेखील एकमेकांना चालत नसत. सैन्यदलाने ब्राउनिंगची रचना मोठी करून हो-५ ही २० मिलिमीटर तोफ बनवली. मिनिटाला ८०० च्या वर गोळे, वजन ३७ किलोच्या आसपास, आणि पंख्यामधून मारण्यासाठी जुळवता येणारी. कागदावर ती त्या युद्धातल्या उत्तम तोफांपैकी एक. गोळा मात्र नौदलाच्या गोळ्यापेक्षा बराच हलका. युद्धाच्या अखेरीस चांगल्या पोलादाची टंचाई झाली तेव्हा तोफ टिकावी म्हणून काडतुसांचा जोर उतरवावा लागला. खेळात हो-५ नेहमी कागदावरचीच असते. त्याआधी, स्वतःची तोफ तयार होईपर्यंत, सैन्यदलाने जर्मनीहून माउजर एमजी १५१/२० तोफा समुद्रमार्गे मागवल्या होत्या, ८०० नग. त्या हिएन विमानाच्या पंखात बसल्या. तोफा संपल्या, आवृत्ती थांबली.

आणि एक हो-३०१, ४० मिलिमीटरची, शोकी विमानात. तिच्या गोळ्याला वेगळं काडतूस नव्हतं, दारू गोळ्याच्याच बुडात. प्रत्येक तोफेला जेमतेम १० गोळे आणि वेग इतका कमी की बॉम्बफेकी विमानाच्या अंगावर गेल्याशिवाय उपयोग नाही. खेळांत ती फार लोकप्रिय आहे. लढाईत तिचा वाटा नगण्य होता.

आपल्याकडच्या खेळाडूंसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ब्रह्मदेश, आराकान आणि इंफाळच्या मोहिमा खेळताना बरेच जण समोर झिरो ठेवतात. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर आलेली झिरो विमानं नौदलाच्या विमानवाहू नौकांवरची होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मात्र बहुतेक वेळा सैन्यदलाचं की-४३ हायाबुसा असे, आणि त्याच्यावर २० मिलिमीटरची तोफच नव्हती. नाकावर १२.७ मिलिमीटरच्या दोन हो-१०३, बस्स. पण त्यांच्या गोळ्यांत स्फोटक भरलेलं असे, ही त्या आकाराच्या हत्यारात वेगळी गोष्ट होती. इंफाळवर झिरो दाखवणाऱ्या मोहिमेत तोफेचा जोर दशांशापर्यंत अचूक असून काय उपयोग?

ही झुंज उभी करायची तर

मी हे प्रकरण मोहीम बनवणाऱ्यांपुढे कसोटी म्हणून ठेवेन. झिरो मॉडेल २१ घ्यायचं, मार्क १ तोफ, ६० गोळे, नेमाची खूण बंद, गोळे पुन्हा भरणं बंद. तोफा आणि मशीनगन वेगवेगळ्या बटणांवर ठेवायच्या, म्हणजे कधी काय वापरायचं ते ठरवावं लागेल. समोर वाइल्डकॅट, बंदुका निकामी, पाठीमागे चिलखत, टाकी बुजणारी. नेमाची रेघ जुळण्याचं अंतर, म्हणजे दोन्ही पंखांतल्या तोफांचे गोळे जिथे एकत्र येतात ते, २०० मीटरच्या आसपास. आणि परतीसाठी पुरेल एवढं इंधन झिरोत ठेवून तेवढ्यावरच झुंजायचं, नाहीतर विमान उगाच हलकं होतं.

मग ही झुंज पुन्हा पुन्हा खेळवायची आणि तीन गोष्टी बघायच्या. नुसत्या मशीनगनने वाइल्डकॅट पडतं का? बहुतेक वेळा पडू नये, पण हळूहळू निकामी व्हायला हवं. पंखाच्या मध्यावर एक-दोन तोफगोळे लागल्यावर काय होतं? पत्रा फाटावा, विमान एका बाजूला ओढावं, पण उडत राहावं. टाकीला आधी भोकं असताना पंखाच्या मुळाशी मारा बसला तर? दरवेळी नाही, पण वारंवार आग लागावी किंवा स्फोट व्हावा.

तिन्ही उत्तरं अशी आली तर १२८ ग्रॅमच्या गोळ्यात स्फोटक एखादा ग्रॅम कमी धरलंय की जास्त, यावर भांडायला मी तयार नाही. पहिल्या प्रश्नातच वाइल्डकॅट पडलं, तर दोष तोफेत शोधू नये, टाकी आणि चिलखताची रचना उघडून बघावी. आणि तिसऱ्यात काहीच झालं नाही, तर बहुधा त्या खेळात पेट्रोलची वाफ नावाची गोष्टच नाही. ती घातल्याशिवाय गोळ्याचा जोर वाढवला, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच बिघडेल.